नानकटाई करता करता वाचन कसे शिकवाल?

धडा घडाघडा म्हणणारे मूल नवी चिठ्ठी वाचताना अडखळते. तिसरीपर्यंत समजून वाचता यावे, हे २०२१ च्या ‘निपुण भारत’चे उद्दिष्ट.

तीर्थपुरीत (ता. घनसावंगी) ओव्हन नसला तरी कुकर चालतो. कागदावर ठळक लिहा : कणीक १ वाटी, पिठीसाखर अर्धी, तूप अर्धी. मुलाने वाचावे, मगच वाटी भरावी. गोळेही त्यालाच वळू द्या, वेडेवाकडे चालतील.

कुकरच्या तळाशी पाण्याऐवजी मीठ, वर जाळी, त्यावर ताटली. शिटी-रिंग काढून मंद आचेवर २०-२५ मिनिटे. गॅसजवळ मोठ्यांनीच थांबावे.

तोवर मोबाइलवर ‘स्टोरीवीव्हर’ उघडा. प्रथम बुक्सच्या या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत आहेत. पोळ्याला मातीचे बैल केले, की त्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या मुलालाच लिहू द्या.