दरड व पूर : इशारा वाडीपर्यंत कसा पोहोचवावा?

महाड व पोलादपूर हे दोन तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले आहेत. महाबळेश्वरी उगम पावणारी सावित्री थोडक्याच अंतरात घाट उतरून पोलादपुरावरून महाडकडे येते. महाडच्या परिसरात तिला गांधारी व काळ या नद्या मिळतात आणि बाणकोटच्या खाडीवाटे ती समुद्रास जाते. त्यामुळे अतिवृष्टीत येथे दोन संकटे एकदमच उभी राहतात. चढावरील माती भिजून दरडी सुटतात, आणि भरतीची वेळ असल्यास सखल भागातील पाण्याचा निचरा मंदावतो.

जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहन व कोंडिवते या गावांवर दरडी कोसळून दीडशेहून अधिक माणसे दगावली. २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे डोंगर खचून ऐंशीहून अधिक जीव गेले. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही प्राणहानी झाली. महाड शहर पाण्याने वेढलेले व रस्ते दरडींनी अडलेले असल्यामुळे तळियेपर्यंत मदत पोहोचण्यास फार विलंब लागला. यावरून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. पहिले काही तास गावाला स्वतःच्याच बळावर काढावे लागतात. म्हणून इशारा समजून घेऊन वेळीच हलणे हाच खरा बचाव होय.

इशाऱ्याचे रंग

भारतीय हवामान विभागाचे मुंबई येथील प्रादेशिक केंद्र जिल्हावार इशारे देते. पिवळा रंग म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, आणि लाल म्हणजे कृती करा. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पाऊस ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अति जोरदार’ व २०४.४ च्या वर ‘अत्यंत जोरदार’ गणला जातो. मात्र हा इशारा सबंध जिल्ह्याला उद्देशून असतो. आपल्या वाडीच्या माथ्यावर किती पाऊस पडला, हे तो सांगू शकत नाही. शिवाय आपल्याकडे उघडीप असली तरी घाटमाथ्यावर पाऊस कोसळत असू शकतो. २३ जुलै २०२१ च्या सकाळी संपलेल्या २४ तासांत महाबळेश्वरी सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता.

वाडीचा पर्जन्यमापक

ही उणीव काही अंशी भरून काढता येते. सरळ भिंतींचा, सपाट तळाचा व किमान एक फूट उंचीचा डबा झाडे व पागोळ्या यांपासून दूर, उघड्यावर घट्ट बसवावा. तोंड व तळ सारख्याच रुंदीचे असल्यास डबा लहान असो वा मोठा, साठलेल्या पाण्याची खोली मिलिमीटरमध्ये मोजली की तोच पाऊस होय. रोज सकाळी ठराविक वेळी व मोठ्या पावसात दर तीन तासांनी मोजून नोंद वहीत करावी. आधीचे काही दिवस संततधार असल्यास जमीन अगोदरच पाण्याने भरलेली असते. अशा वेळी तुलनेने कमी पाऊसही घातक ठरतो. म्हणून केवळ एका आकड्यावर विसंबू नये.

डोंगराची चिन्हे

चढावर नव्या भेगा पडणे, झाडे व विजेचे खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, ओढ्याचे पाणी अचानक आटणे, घराची दारे अडकू लागणे किंवा जमिनीतून गडगडाट ऐकू येणे, ही धोक्याची चिन्हे होत. यांपैकी एकही दिसल्यास हुकमाची वाट न पाहता वाडी रिकामी करावी. ओढ्याच्या पात्राने खाली पळू नये. दरडीच्या वाटेपासून बाजूस सरकावे.

कोणास कळवावे?

जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७, सर्व आपत्कालीन मदतीसाठी ११२ व रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे. भ्रमणध्वनीवर ‘सचेत’ उपयोजनातून आपत्तीचे व ‘दामिनी’तून विजेचे इशारे मिळतात. परंतु ऐन संकटात वीज व दूरध्वनी दोन्ही बंद पडू शकतात. तेव्हा देवळाची घंटा किंवा थाळी हे साधन उपयोगी पडते; तिचा संकेत मात्र सर्वांना आधी ठाऊक असला पाहिजे.

पावसापूर्वी ठरवावयाच्या गोष्टी

मृग नक्षत्रापूर्वी ग्रामसभेत पुढील बाबी नक्की कराव्यात :

१. पाऊस मोजणारा व त्याच्या गैरहजेरीत ते काम पाहणारा.
२. चढापासून व ओढ्यापासून दूर असलेली निवाऱ्याची जागा व तेथे जाण्याची वाट.
३. वृद्ध, आजारी व बाळंतिणी यांना कोणी न्यावयाचे.
४. लाल इशारा मिळताच दावी सोडून गुरे कोठे न्यावयाची.
५. सातबारा, शिधापत्रिका व बियाणे ठेवण्यासाठी पाणी न शिरणारी पिशवी.

भाताची लावणी चार दिवस मागे पडली तर ती पुन्हा साधता येते. रात्र पडण्यापूर्वी वाडी सोडली आणि डोंगर जागचा हलला नाही, तर तो फेरा वाया गेला असे कोणीही मानू नये.