धुक्यातला मुक्काम : यात्रेच्या हिशेबात एक दिवस जास्त धरा

कन्हान : थंडी सुरू झाली की नागपूर जिल्ह्यातील वस्त्या-वस्त्यांतून धम्मयात्रेच्या बसगाड्या निघतात. कन्हान, मनसर, देवलापार मागे टाकून सिवनी, जबलपूर, रीवा मार्गे सारनाथ, बुद्धगया, कुशीनगर, श्रावस्ती. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ वाराणसीहून कन्याकुमारीकडे कन्हानवरूनच जात असे. टपावर गंज-पातेली, पोत्यांत तांदूळ-पीठ, आसनांवर सतरंज्या आणि ब्लँकेट. श्रीमंत देशांत लोक चूल-बिछाना असलेल्या घरगाड्यांतून फिरतात. आपली घरगाडी म्हणजे हीच बस.

पण डिसेंबर-जानेवारीत गंगेच्या मैदानात या गाडीला धुके अडविते. आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि जमिनीत ओल असली की रात्री जमीन झपाट्याने थंड होते आणि तिच्यालगतच्या हवेतील बाष्पाचे धुके बनते. ऊन चढले की बहुधा ते विरते. परंतु कधी कधी सलग दोन-तीन दिवस सूर्यदर्शन होत नाही.

घाई कोठून येते?

हवामान खाते ५० मीटरपेक्षा कमी दिसत असेल तर त्याला अतिदाट धुके म्हणते. ताशी ६० किलोमीटर वेगाची बस एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. म्हणजे समोरचा ट्रक दिसल्यापासून चालकाच्या हाती जेमतेम तीन सेकंद! ओल्या रस्त्यावर भरलेली बस तेवढ्यात थांबणे कठीण.

हे सर्वांना कळते. तरीही "भाऊ, हळूहळू चालू द्या" असा आग्रह आपणच चालकाला करतो. कारण सोमवारी खाणीत पाळी असते, रजा संपलेली असते आणि बसचे भाडे दिवसावर चढत असते. रोजंदारीच्या माणसाला तर बुडालेला दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. म्हणून हा प्रश्न धाडसाचा नाही, हिशेबाचा आहे. वर्गणी ठरवितानाच एक जादा दिवस धरावा. त्याचे भाडे, शिधा, औषधे आणि रजा आधीच मांडून ठेवावी. दिवस वाचला तर उरलेली रक्कम सर्वांना परत करावी. धुक्यात थांबण्याचा शब्द चालकाचा अखेरचा राहील, हे बसमालकाशी लेखी ठरवावे. चालकही कामगारच आहे; त्याची झोप हा त्याचा हक्क आहे.

थांबावे कोठे, कसे?

गाडी रस्त्याच्या कडेला कधीही उभी करू नये. धुक्यात मागून येणारे वाहन सरळ धडकते. पेट्रोल पंप, ढाबा, धर्मशाळा किंवा विहाराचे आवार गाठावे. तेथपर्यंत दिव्यांचा झोत खाली ठेवावा, कारण वरचा झोत धुक्यावर आदळून डोळ्यांवरच परततो.

यानंतरचा धोका गाडीच्या आत असतो. म्हातारी माणसे कुडकुडतात, खिडक्या बंद होतात आणि कोणीतरी सिगडी आत आणतो. कन्हान हा कोळसा खाणींचा मुलूख. खाणीत हवा खेळती नसेल तर काय होते, हे येथील कामगाराला शिकवावे लागत नाही. बंद बसमध्येही तेच घडते. जळत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही, वास नाही. प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक जोराने तो रक्ताला चिकटतो. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते आणि झोपलेला माणूस उठतच नाही. अशी लक्षणे दिसताच सर्वांना मोकळ्या हवेत आणून ११२ ला फोन करावा. थंडीसाठी इंजिन चालू ठेवून झोपणेही तितकेच घातक.

गॅस सिलिंडरचेही तसेच. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराई येथे उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या रेल्वे डब्यात बेकायदा नेलेल्या सिलिंडरमुळे आग लागली आणि ९ जण दगावले. चहा गाडीबाहेर, दूर अंतरावर, उघड्यावरच करावा किंवा ढाब्यावर घ्यावा.

ऊब हवी तर कानटोपी, मोजे, अंगावर दोन-तीन कपडे, पायाखाली सतरंजी आणि पोटात गरम जेवण. रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या टपावरील पेटीत न ठेवता हातातील पिशवीत ठेवाव्यात. लहान मुलांना गोष्टी सांगाव्यात, अनुभव वहीत लिहायला लावावेत.

सारनाथ एक दिवस उशिरा दिसले तरी तेथेच आहे. बसमधील प्रत्येक माणूस घरी परतला, तरच यात्रा पूर्ण झाली असे म्हणावे.