वृषणाचा पीळ : शस्त्रक्रियेनंतर भीती किती आणि काळजी किती?

वयात येणाऱ्या मुलांच्या काही दुखण्यांविषयी आपल्या घरांत उघडपणे बोलले जात नाही. वृषणाला (अंडाला) पीळ बसणे हे त्यांपैकीच एक. पंचविशीच्या आतील साधारण ४००० पुरुषांमागे एकाला दरवर्षी हा त्रास होतो. १२ ते १८ या वयात तो सर्वाधिक आढळतो. म्हणजेच हायस्कूल आणि कॉलेजात जाणाऱ्या आपल्या मुलांचा हा प्रश्न आहे.

प्रथम हा पीळ का बसतो ते पाहू. वृषण एका दोरीसारख्या नळीला लोंबते. या नळीतून रक्तवाहिन्या जातात. सामान्यतः वृषण आतल्या बाजूने पिशवीला चिकटलेले असते. काही मुलांमध्ये जन्मतःच ते सुटे असते व घंटेच्या लोलकासारखे हलते. असे सुटे वृषण स्वतःभोवती फिरले की रहाटाच्या दोरीला पीळ पडावा तसा नळीला पीळ पडतो आणि रक्तपुरवठा थांबतो. एकाएकी तीव्र वेदना होतात, उलट्या होतात, वृषण वर ओढल्यासारखे दिसते. पुष्कळ मुले लाजेपोटी केवळ "पोटात दुखते" एवढेच सांगतात.

पहिल्या ६ तासांत शस्त्रक्रिया झाल्यास १० पैकी ९ मुलांचे वृषण वाचते. १२ तासांनंतर ही शक्यता निम्म्यावर येते आणि २४ तासांनंतर फारच थोडी उरते.

शस्त्रक्रियेत पीळ सोडवून वृषण पिशवीच्या आतील बाजूस टाके घालून पक्के करतात. ते निकामी झाले असेल तर काढावे लागते. सुटेपणाचा जन्मजात दोष बहुधा दोन्ही बाजूंना असतो, म्हणून दुसरे, निरोगी वृषणही त्याच वेळी टाके घालून पक्के करतात. "चांगल्या बाजूला कशाला हात लावला?" असे विचारणाऱ्या पालकांनी हे कारण ध्यानात घ्यावे.

आता मुख्य प्रश्न : पुन्हा पीळ बसेल का? दोन्ही बाजू पक्क्या केल्यानंतर असे क्वचितच घडते; परंतु कधीच घडत नाही असे नाही. काही रुग्णांत अनेक वर्षांनंतरही पुन्हा पीळ बसल्याची नोंद आहे, विशेषतः विरघळणारे टाके वापरले असल्यास. याउलट, डॉक्टरांनी हाताने पीळ सोडवला किंवा तो आपोआप सुटला, वेदना थांबल्या आणि शस्त्रक्रिया केलीच नाही, तर धोका कायम राहतो. दुखणे थांबले म्हणजे आजार बरा झाला असे समजू नये.

दुसरा प्रश्न दैनंदिन कामांचा. शस्त्रक्रियेनंतर पहिले दोन-तीन दिवस विश्रांती घ्यावी. सूज असेपर्यंत घट्ट चड्डीचा किंवा लंगोटाचा आधार द्यावा. साधारण आठवड्याभरात शाळेत जाता येते. भरलेली कळशी किंवा आंब्याची पेटी उचलणे, सायकल, कबड्डी, क्रिकेट, माडावर चढणे हे सारे दोन ते चार आठवडे, डॉक्टर परवानगी देईपर्यंत टाळावे. पोहणे जखम पूर्ण भरल्यावरच. ही बंधने जखमेसाठी आहेत, पीळ टाळण्यासाठी नव्हेत. पीळ बसण्याचे मूळ त्या जन्मजात सुटेपणात आहे. खेळताना किंवा मार लागल्यावर तो बसू शकतो, तसा तो गाढ झोपेत आणि थंडीतही बसतो. म्हणून जखम भरल्यावर मुलाला वर्षानुवर्षे मैदानापासून दूर ठेवण्याचे काहीच कारण नाही. ज्याला एकच वृषण उरले आहे, त्याने मात्र खेळताना क्रिकेटपटू वापरतात तसा गार्ड अवश्य लावावा.

एका वृषणामुळे मुलात काही उणेपणा येतो, हा समजही चुकीचा आहे. उरलेले वृषण निरोगी असेल तर आवाज, दाढी-मिशा, शरीराची वाढ यांत फरक पडत नाही आणि बहुतेकांना पुढे मुलेही होतात. यावरून कोणी चेष्टा करीत असेल तर ती थांबवणे हे मोठ्यांचे काम आहे.

शेवटी लक्षात ठेवण्याच्या गोष्टी. डिस्चार्ज कार्ड जपून ठेवावे आणि दोन्ही बाजू पक्क्या केल्या आहेत का, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. पुन्हा अचानक दुखू लागल्यास "ऑपरेशन झाले आहे, आता काय होणार?" असे म्हणून सकाळची वाट पाहू नये. शेक देणे, तेल चोळणे, अंतर्गळ समजून घरगुती उपाय करणे यांत तास वाया जातात. भूल द्यावी लागण्याची शक्यता असल्याने मुलाला काही खायला-प्यायला देऊ नये. रात्र असली तरी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व शस्त्रक्रियेची सोय कोठे आहे हे विचारूनच निघावे. कट्ट्याहून कसालमार्गे ओरोसचे जिल्हा रुग्णालय गाठता येते. गोव्यात बांबोळीला जावे लागले तर वाटेतच दोन तासांहून अधिक वेळ जातो, हा हिशेब आधीच करावा.

विद्यार्थी मित्रांनो, या जागी दुखले तर ती लाजेची गोष्ट नाही. मध्यरात्र असली तरी आईवडिलांना उठवा आणि नेमके कुठे दुखते ते सांगा. पालकांनीही मुलाला हे सांगता येईल, असे मोकळे वातावरण घरात ठेवावे.