पोटरीतला पंप

शरीरशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत अस्थिसंस्था, स्नायुसंस्था आणि रक्ताभिसरणसंस्था यांना वेगवेगळी प्रकरणे दिलेली असतात. शिकवण्याच्या सोयीसाठी केलेली ही वाटणी वाचकाच्या मनात इतकी घट्ट बसते की हाडे आधारासाठी आणि स्नायू हालचालीसाठी, यापलीकडे त्यांचा विचारच होत नाही. वास्तविक प्रौढ शरीरातील २०६ हाडे एकूण कॅल्शियमपैकी सुमारे ९९ टक्के साठा सांभाळतात आणि आतील तांबड्या मज्जेतून सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी रक्तात सोडतात, तर सहाशेहून अधिक स्नायू हालचालीबरोबरच शरीराची ऊबही राखतात. तथापि हे परस्परसहकार्य पोटरीत जितके ठसठशीत दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसते, आणि नेमकी तिचीच उपेक्षा झालेली आहे.

हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त धमन्यांत ढकलते, परंतु केशवाहिन्यांच्या जाळ्यातून ते पार होईपर्यंत त्या दाबाचा बहुतेक जोर संपलेला असतो. निश्चल उभ्या असलेल्या माणसाच्या घोट्याजवळच्या नीलांमध्ये, म्हणजे रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या शिरांमध्ये, वरच्या रक्तस्तंभाच्या भारामुळे ८० ते ९० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब साचतो. तोच माणूस चालू लागला की काही पावलांतच हा दाब ३० च्या आसपास उतरतो.

हा फरक प्रामुख्याने पोटरी घडवते. मांडीच्या हाडापासून निघणारा गॅस्ट्रोक्नेमियस आणि त्याच्याखाली नडगीच्या मागे दडलेला सोलियस हे दोन स्नायू एकाच जाड कंडरेने टाचेच्या हाडाला जोडलेले असतात. टाच उचलली जाते तेव्हा सोलियसच्या आत असलेल्या रुंद, रक्ताने भरलेल्या नीला ओल्या कपड्यासारख्या पिळल्या जातात. स्नायूंभोवती प्रावरणी नावाचे चिवट वेष्टन असल्यामुळे त्यांना बाहेरच्या बाजूस फारसे फुगता येत नाही आणि सारा दाब आत वळतो. उंच मानेच्या जिराफाच्या पायांवर तर कातडी आणि प्रावरणी इतकी घट्ट ताणलेली असते की तेथे रक्त साचू शकत नाही. निसर्गाची ही योजना खरोखर थक्क करणारी आहे.

पिळलेले रक्त खाली न जाता वरच का जाते, याचे उत्तर नीलांमधील झडपांत आहे. पाडुआ येथील शरीररचनाशास्त्रज्ञ फॅब्रिशियस याने १६०३ मध्ये या झडपांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. पण त्या रक्ताची गती केवळ मंद करतात, असे त्याचे मत होते. त्याचा शिष्य विल्यम हार्वे याने १६२८ च्या ग्रंथात त्यांचा खरा अर्थ उलगडला: त्या रक्ताला केवळ हृदयाच्या दिशेने जाऊ देतात, मागे फिरू देत नाहीत. हार्वेचा प्रयोग आजही कोणालाही करता येतो: दंडाला पट्टी बांधून हाताची शीर फुगवावी, एका बोटाने ती दाबून धरावी, दुसऱ्या बोटाने त्या जागेपासून वरच्या झडपेपलीकडे रक्त सारावे आणि हे दुसरे बोट उचलावे, रिकामा झालेला भाग रिकामाच राहतो, आणि खालचे बोट उचलताच क्षणात भरतो. रक्ताभिसरणाच्या सिद्धांताचा इतका साधा आणि इतका निर्णायक पुरावा दुसरा नसेल.

या यंत्रणेत सांध्याचा वाटाही तितकाच मोलाचा आहे. घोटा आखडला, तर स्नायू धडधाकट असूनही त्याचे आकुंचन अपुरे राहते आणि पंप दुबळा होतो. वर्गात उभे राहणारे शिक्षक, केशकर्तनालयातील कारागीर, वाहतूक पोलीस यांना दिवसातील बराच काळ जागच्या जागी उभे राहावे लागते, तेव्हा पंप जवळजवळ थांबलेला असतो. वर्षानुवर्षे असे घडल्यास झडपा निकामी होऊन शिरा गाठाळ होण्याचा धोका वाढतो आणि पुढे घोट्याच्या आतील बाजूस चिवट जखमाही होऊ शकतात. संचलनात ताठ उभा असलेला जवान कोसळतो, त्यामागेही बहुधा हेच कारण असते: रक्त पायांत साचते आणि मेंदूचा पुरवठा घटतो.

ज्यांचे काम उभ्याचे आहे त्यांनी अधूनमधून टाचा उचलाव्यात आणि चार पावले टाकावीत. आणि असे उभ्या उभ्या भोवळ येऊन कोणी पडलेच, तर त्याला उठवून बसवण्याची घाई न करता आडवेच ठेवून त्याचे पाय वर उचलावेत.