शाळेपुढील हिरवळ आणि देशी झाडांची बाग

शाळेच्या दर्शनी भागात हिरवळ असली म्हणजे आवारास शोभा येते, अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते. पावसाळ्यात ही हिरवळ फारसा त्रास देत नाही. परंतु अवर्षणप्रवण भागात फाल्गुनानंतर तिचे पोषण करणे म्हणजे गावच्या विहिरीवर भार टाकणे होय. ज्या गावात मुले घरी घागरीने पाणी आणतात, तेथे शाळेने गवतावर पाणी ओतावे, हे शिक्षणाच्या दृष्टीनेही विसंगत ठरते.

या भाराचा हिशेब वरच्या वर्गातील मुलांकडूनच करवून घ्यावा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी देण्यास बरोबर एक लिटर लागते. हिरवळ १० मीटर लांब व १० मीटर रुंद असून तिला रोज ५ मिलिमीटर पाणी दिले असे धरल्यास, मार्च ते मे या ९२ दिवसांत ४६,००० लिटर पाणी खर्च होते. त्याच जागेत २० झुडपे लावून प्रत्येकास आठवड्यातून दोनदा १० लिटरची बादली दिली, तर १३ आठवड्यांत ५,२०० लिटर पुरतात. मुळे खोल गेल्यावर ही गरज आणखी कमी होते.

देशी झाड म्हणजे केवळ ओळखीचे झाड नव्हे. गुलमोहर मूळचा मादागास्करचा आणि झेंडू मेक्सिकोकडचा. घाणेरी अमेरिका खंडातून आली व रानोमाळ पसरली. याउलट तरवड, अडुळसा, निर्गुडी, धायटी, मुरुडशेंग, करवंद आणि कढीलिंब ही आपल्याकडचीच होत. नवरात्रात घटावर ज्याच्या फुलांची माळ चढते तो तरवड कोरड्या माळावरही तग धरतो.

अशा बागेचा खरा लाभ निसर्ग-अभ्यासात दिसून येतो. फुलपाखरू मध कोणत्याही फुलावर घेईल, परंतु अंडी घालण्यास त्यास ठरावीक झाडच लागते. लिंबावरील काळे-पिवळे फुलपाखरू कढीलिंबावरही अंडी घालते. तरवडावर फिकट पांढऱ्या-पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. २०१५ साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून घोषित झालेले ‘ब्लू मॉर्मन’ हेही लिंबाच्याच कुळातील झाडांवर वाढते. म्हणून पानांना छिद्रे दिसताच औषध फवारू नये. कुरतडलेले पान हाच त्या दिवसाचा पाठ समजावा.

काम टप्प्याटप्प्याने करावे. खेळाचे मैदान व प्रार्थनेची जागा यांस हात लावू नये. हरळी वरवर कापून जात नाही. म्हणून सुटी लागण्यापूर्वी ती काश्यांसह खणून उन्हात वाळवावी. दीड फूट लांब, रुंद व खोल असे खड्डे घेऊन उन्हात तापू द्यावेत. पहिला चांगला पाऊस झाल्यावर माती व कुजलेले शेणखत भरून रोपे लावावीत आणि बुडाशी पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे. उंच वाढणारी झुडपे कुंपणाकडे ठेवावीत, म्हणजे वर्गातील उजेड अडणार नाही. पहिल्या दोन उन्हाळी सुट्यांत पाण्याच्या पाळ्या पालकांशी बोलून आधीच ठरवाव्यात. अनेक शालेय बागा याच एका व्यवस्थेअभावी वाळतात.

ग्रामस्थ सापाची भीती व्यक्त करतील, आणि ती अनाठायी नाही. वाटेच्या दोन्ही बाजूंस मोकळी जागा ठेवावी, झुडपांच्या खालच्या फांद्या छाटाव्यात, दगड-विटांचे ढीग साचू देऊ नयेत. रुईचा चीक डोळ्यांस अपायकारक असल्याने ती मुलांच्या वावरापासून दूरच बरी.

प्रत्येक झुडूप दोन-तीन मुलांकडे सोपवावे. पालवी, कळी, फूल, फळ व त्यावर आलेले कीटक यांची तारीखवार नोंद त्यांनी वहीत ठेवावी. अशा नोंदी वर्षानुवर्षे जपल्या, तर आपल्या गावचा ऋतू कसा चालतो हे सांगणारे साधन शाळेपाशी तयार होईल. नित्य कापलेल्या हिरवळीवर अशी नोंद होणे कठीण.