काल्पनिक प्रवास-रोजनिशी (अध्यापन पद्धती)

काल्पनिक प्रवास-रोजनिशी ही इतिहास शिकवण्याची एक पद्धती आहे. तीत विद्यार्थी एखाद्या ऐतिहासिक प्रवाशाच्या भूमिकेतून, त्या काळाच्या मर्यादेत राहून, दैनंदिन नोंदी लिहितो.

उदाहरण

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना अफानासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याचे उदाहरण जवळचे आहे. १४७० च्या सुमारास तो घोडा घेऊन चौल बंदरात उतरला आणि जिल्ह्याच्या सीमेलगतच्या जुन्नरला पावसाळ्यात राहिला. तेथील खानाने त्याचा घोडा काढून घेतला व तो परत देण्यासाठी धर्मांतराची अट घातली. एका खोरासानी व्यक्तीच्या मध्यस्थीने ते संकट टळले. त्या दिवसांतील त्याची घालमेल हा रोजनिशीचा विषय होऊ शकतो. मात्र तीत अहमदनगर शहराचा किंवा मिरचीचा उल्लेख आल्यास कालविपर्यास होतो; कारण हे शहर मलिक अहमद निजामशहाने १४९० च्या दशकात वसवले, तर मिरची पोर्तुगीजांमार्फत त्यानंतर भारतात आली.

मर्यादा

अशी रोजनिशी इतिहासाचे साधन ठरत नाही. म्हणून मूळ प्रवासवर्णनातून घेतलेला तपशील कोणता आणि विद्यार्थ्याची कल्पना कोणती, हे समासात नोंदवणे आवश्यक असते. पुरावा व कल्पना यांतील हा भेद ओळखता येणे, हेच या पद्धतीचे मुख्य उद्दिष्ट होय.