तुळई उचलण्याआधी सलाईन

बेंगळुरूच्या जयनगरमधल्या संजय गांधी ट्रॉमा इन्स्टिट्यूटवरून जाताना मला हमखास किल्लारीचा भूकंप आठवतो. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट. गणपती बोळवून गाव नुकतंच निजलेलं. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं माळवद, सगळं अंगावर आलं. लातूर-उस्मानाबादेत सुमारे दहा हजार माणसं गेली. अशा मातीच्या घरांत बरेच जण नाकातोंडात धूळ जाऊन गुदमरूनच जातात.

जे ढिगाऱ्याखाली तगतात, त्यांचा धोका सुटकेनंतर वाढतो, हे पटायला जड जातं. तुळईखाली मांडी तासन्‌तास चेंगरली की स्नायूंच्या पेशी फुटतात. भार निघाला, रक्त वाहू लागलं, की त्यांतलं पोटॅशियम थेट हृदयाकडे. हृदय बंदही पडू शकतं. स्नायूंतलं मायोग्लोबिन हे प्रथिन मूत्रपिंडात तुंबतं, लघवी कोऱ्या चहासारखी होते. म्हणून माणूस अडकलेला असतानाच शिरेतून सलाईन सुरू करतात. तेही साधं, रिंगर लॅक्टेट नको, त्यात पोटॅशियम असतं. तरीही मूत्रपिंडं निकामी झाली, तर लागतं डायलिसिस. १९८८च्या आर्मेनियातल्या भूकंपात तेच कमी पडलं होतं.

तेव्हा बराच वेळ दबलेला माणूस बोलताना दिसला, तरी लगेच ओढू नका. वरून काही कोसळत नसेल, तर आधी डॉक्टरला बोलवा.